ओल्या चादरींना घाई नसते

एकोणीसशे अठ्ठावन्न साली धुलाईखान्याने दुसरी मोटार घेतली आणि तबेल्यात घोडा उरला एकच. त्याला सगळे नवरदेव म्हणत. दहा वेळा आर्जवं केल्याशिवाय हा पाऊल उचलायचा नाही, म्हणून. इस्पितळांच्या नि हॉटेलांच्या चादरी ओढण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं आणि दगडी रस्त्यांनी पुढच्या डाव्या खुराची पार वाट लावली. बरा व्हायचा, पुन्हा लंगडायचा. हे रडगाणं दोन वर्षं चाललं होतं.

धुलाईखान्याच्या मालकीणबाई निष्ठुर नव्हत्या, पण रोखठोक होत्या. "उन्हाळ्याच्या आत कामाला लागला तर राहील. नाहीतर खाटकाची गाडी येईल. नुसतं उभं जनावर मी पोसणार नाही."

ते ऐकून म्हातारे गाडीवान तात्या मटकन खाली बसले. त्यांची थोरली मुलगी मात्र उभीच राहिली. नवऱ्याला सोडचिठ्ठी देऊन माहेरी आलेली, इस्त्रीच्या खोलीत राबणारी बाई ती. तात्यांचे गुडघे गेल्यापासून घोड्याचं सगळं तीच बघायची. "घोडामैदान जवळच आहे," ती म्हणाली. "बघूच."

धाकटा भाऊ नव्या मोटारीवर ड्रायव्हर झाला होता. त्याला चेष्टेला निमित्तच मिळालं. "अक्का, नवरा काही तुझ्याच्यानं सांभाळवला नाही, आता नवरदेव सांभाळतेस?"

"हा दारू पीत नाही," ती म्हणाली. "आणि तुझ्या मोटारीसारखा सकाळी ढकलावाही लागत नाही."

जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. पाय पूर्ण बरा होणार नाही, पण जपलं तर हलकं काम करील. उभा ठेवू नका, रोज चालवा. सरळ वाटेनं, मऊ जमिनीवर. नालबंदाने खुराचं पुढचं टोक तासलं, टाच उचलून धरणारी रुंद नाल ठोकली आणि म्हणाला, "आता माझं काम संपलं, तुमचं सुरू."

थोरलीने ते मनावर घेतलं. भल्या सकाळी, इस्त्रीच्या भट्ट्या पेटायच्या आधी, ती त्याला कालव्याकाठच्या मातीच्या वाटेने चालवी. थंडीने नाक गळायचं, बोटं आखडायची. एकही सकाळ चुकली नाही. इस्त्रीचा ताव गालाजवळ धरून ओळखणारी बाई ती. खुराला हात लावून आज आत जळजळ आहे की नाही तेही ओळखू लागली. खूर गरम लागला की अर्ध्या वाटेतून माघारी. गार लागला की पुढच्या झाडापर्यंत.

थंडी सरता सरता डॉक्टर पुन्हा आले. "पळवून दाखवा."

पुढच्या पायाने लंगडणारा घोडा दुखरं पाऊल टेकताना मान वर उडवतो. तात्यांनी हट्टाने दोरी स्वतः धरली आणि गुडघे दुखत असतानाही त्याला दुडक्या चालीने नेलं. मान जराही हलली नाही. डॉक्टर खूश झाले. "जुंपा गाडीला."

थोरलीने दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी जुंपली. रस्त्यावर चार पावलं दुडकत गेला नाही तोच प्रत्येक पावलाला मान वर! तिला कळेना. काल धडधाकट होता, एका रात्रीत झालं काय?

तिने तात्यांना पुन्हा तसंच पळवायला सांगितलं. या वेळी तिने घोड्याकडे बघितलंच नाही, बापाच्या हाताकडे बघितलं. आणि घोडं कुठे पेंड खातंय ते तिला कळलं.

"तात्या, दोरी सैल सोडा."

"सैलच आहे की."

"मग बोटं पांढरी का पडलीत?"

तात्यांनी स्वतःच्या मुठीकडे बघितलं. जबड्याखाली दोरी घट्ट आवळून त्यांनी घोड्याची मानच धरून ठेवली होती. दोरी सोडताच मान वर उडाली.

"मुद्दाम नाही गं केलं," ते ओशाळून म्हणाले. "त्याची मान उडाली की माझ्या काळजात चर्र होतं. हात आपोआप आवळतो." मग जरा थांबून, हळूच, "उद्या मालकीणबाई बघायला येणार. उद्याही मीच धरतो. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि परवा? रोज कोण धरणार मान?"

दिवसभर चादरींवर इस्त्री फिरवताना तिच्या डोक्यात तेच घोळत होतं. खिडकीबाहेर वाळवणीचं मैदान होतं. दोन बायका ओल्या चादरींची ढकलगाडी कण्हत कुंथत गवतावरून ढकलत होत्या. थोरलीचा हात थांबला. चादरीवर करपल्याचा डाग पडला, तरी ती बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने दोरी सरळ मालकीणबाईंच्या हातात दिली. "सैल धरा. आधी चालवा."

नवरदेव एका लयीत चालला.

"आता पळवा."

मान वर उडाली. तात्यांनी डोळे मिटले.

"अगं, लंगडतोय हा!"

"पळताना लंगडणारच. कायमचा. चालताना नाही लंगडत, ते तुम्ही आत्ताच बघितलंत. मग पळायचं काम त्याला देऊच नका. धुण्याच्या हौदापासून वाळवणीपर्यंत गाडी ओढू दे. वाट सरळ आहे, खाली गवत आहे. आणि ओल्या चादरींना घाई नसते."

मालकीणबाईंनी भुवया चढवल्या, डोळे मिटून उभ्या तात्यांकडे एकदा बघितलं. "हे झाकता आलं असतं तुला."

"एक दिवस."

मालकीणबाईंनी स्वतः त्याला मैदानाच्या टोकापर्यंत चालवत नेलं आणि आणलं. चपला ओल्या झाल्या. "सोमवारपासून जुंप. आधी अर्धंच ओझं. आणि दुखलं-खुपलं तर तूच येऊन सांगायचं. तुझ्या वडिलांनी नाही."

नवरदेवाने वाळवणीवर सहा वर्षं काम केलं आणि एका दुपारी म्हातारपणानेच गेला. तात्या त्याच्या आधी गेले; पण शेवटपर्यंत मैदानाच्या कडेला स्टुलावर बसून बायकांना हुकूम सोडत असत, आणि त्या हसत हसत ऐकत. मालकीणबाईंनी पुढे धुलाईखाना विकला आणि बहिणीकडे राहायला गेल्या. मोटार चालवून चालवून धाकट्याची पाठ धरली. तोही मग कालव्याकाठी चालू लागला, डॉक्टरांच्याच सांगण्यावरून. थोरलीने नालबंदाशी लग्न केलं. लांबलांबून लोक लंगडी घोडी त्यांच्या दारी आणत. तो नाल ठोकायचा, ती चालवायची, आणि जी बरी होणार नाहीत त्यांच्या मालकांना तसं तोंडावर सांगायची.