गजेंद्रचा चेहरा

गोंदियातल्या अर्ध्याअधिक भिंतींवरून हर्षाचा हात फिरलेला होता. बसस्टँडमागचे सारस, शाळेच्या कुंपणावरचे हसरे ढग, सगळं तिचंच. म्हणून धाकटा भाऊ गजेंद्र कामठ्याच्या रस्त्यावर, पुलियाजवळ मोटारसायकलच्या अपघातात गेला, तेव्हा तिने तिथल्याच भिंतीवर त्याला रंगवलं. पुरुषभर उंच, पिवळा शर्ट, तोंडभर हसू.

चित्र फारच छान झालं, आणि तिथेच घात झाला. लोक गाड्या थांबवून सेल्फी काढायला लागले. पोरं त्याच्या खांद्याला खांदा लावून दात काढत उभी राहायची आणि जाताना त्याच्याच पायाशी तंबाखूचा खर्रा थुंकायची. माणसांना लाज नसते असं नाही, भडक रंगासमोर ती जरा कमी होते एवढंच. एका सकाळी हर्षाने बादलीभर चुना नेला आणि भावावर फिरवला. घरी कोणाला विचारलं नाही.

तिला ठाऊक नव्हतं, की तिची माय मंदाबाई रोज धानाच्या बांधीवर जाताना वाट वाकडी करून त्या भिंतीपाशी थांबायची. त्या दिवशीही गेली आणि परतली ती मुकीच. 'जेवून घे', 'दार लाव' यापलीकडे तिने लेकीशी बोलणं टाकलं. तिच्या तोंडाकडे पाहणं तर पारच सोडलं. चूक आपली आहे हे हर्षाला कळत होतं, पण माफी मागायला गेली की भाजीचं, बाजाराचं काहीतरी विचारून परत यायची.

मग तिने एचिंग धरलं. नागपूरच्या एका सरांकडे शिकली. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, दिव्याच्या धुराने तो काळाकुट्ट करायचा आणि त्या मेणातच सुईने ओरखडत चित्र काढायचं. पत्रा तेजाबात बुडवला की जिथे सुई फिरली तेवढाच धातू खाल्ला जातो. त्या खाचांत शाई भरायची आणि कागदावर छाप घ्यायचा. झाडूएवढे ब्रश वापरणारी हर्षा आता केसाएवढ्या रेघा ओढू लागली. काळोखातला रस्ता, कडेची धानाची बांधी आणि त्या अंधारात, कागद डोळ्यांशी धरल्याशिवाय दिसणार नाही असा गजेंद्र. रस्त्यावरच्या कोणाला दिसू नये, एका मायला दिसावा. अख्खा उन्हाळा तिने त्या वहीएवढ्या पत्र्यात घातला. राहिलं होतं फक्त तेजाब, आणि ते सरांकडे होतं.

नागपूरला निघायच्या आदल्या दुपारी ती मागच्या पडवीत शेवटच्या रेघा ओढत होती. दुकानाच्या पाटीचं काम घेऊन कोणी दारात आलं, म्हणून पत्रा ओट्यावर ठेवून ती पुढे गेली. बोलणं लांबलं. परत येऊन पाहते तर माय खरकट्या भांड्यांच्या पसाऱ्यात बसलेली, एका हातात राख माखलेला काथ्या आणि दुसऱ्या हातात लख्ख पत्रा.

"माय! काय करून राहिली?"

"करपलेलं झाकण होतं. गरम पाणी टाकून घासलं, निघालं सारं."

हर्षा तिच्यासमोर भांड्यांच्या पसाऱ्यातच बसली. "झाकण नव्हतं वो माय. गजेंद्र होता त्याच्यावर. तुह्यासाठी काढून राहिली होती."

मंदाबाईने पत्रा उलटसुलट करून पाहिला. मग राखेने भरलेले हात मांडीवर तसेच टाकून ती लहान पोरासारखी रडायला लागली.

"म्या पुसला त्याले?"

"आधी म्याच पुसला होता," हर्षा म्हणाली. "तुले न विचारता. चुकलं माह्यं, माय."

दोघी रडल्या. कोणी कोणाची समजूत काढली नाही. खूप वेळाने मंदाबाईने विचारलं, "फोटो पाहून काढला होता का?"

"मोबाइलमधला. धूसर आहे. बाकी सारं आठवून आठवून."

"आता पुन्हा काढशील?"

"माहीत नाही. चेहरा हातून सुटून राहिला."

मंदाबाई उठली. तिने हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि पडवीच्या कडेला, उजेडात येऊन लेकीच्या समोर बसली. चुना मारल्यापासून पहिल्यांदाच तिने हर्षाच्या डोळ्यांत पाहिलं.

"माह्यावरच गेला होता तो," ती म्हणाली. "मले पाहून काढ."