गोफणीचा धाक

देवरावच्या राखणीतल्या वावरात पाखरू उतरत नाही, असं पार घाटंजीच्या बाजारापर्यंत बोललं जायचं, आणि खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं त्यानं स्वतःच पसरवलं होतं. तीस वर्षं त्यानं दुसऱ्यांची जवारी राखली. मचाणावर उभं राहून गोफण फिरवायची, आणि सुटताना ती अशी कडाडायची की नाल्यापलीकडची गुरंसुद्धा मान वर करायची. गोफण त्यानं स्वतः सणाच्या वाखाची वळली होती. गावात गोफणी पुष्कळ होत्या, पण आवाज ऐकला की लोक न बघता सांगत, देवराव आहे.

ही विद्या शेवटी दुसऱ्याच्या धान्याची होती. बुद्धाचा धर्म घेतल्याला सहा वर्षं झाली, गावकीची कामं सुटली, कोणी हाक मारली की धावत जाऊन वाकून उभं राहणं सुटलं, तरी देवराव राखणदार तो राखणदारच राहिला. म्हणून त्या साली सदाशिवरावांनी नाल्याकाठचं आपलं तीन एकर वावर त्याला बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, दिलं तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं. अर्ध्यात जवारी, अर्ध्यात तूर. सदाशिवराव म्हणाले होते, त्या वावरात दोन सालं तूर हाती लागली नाही. तू तूर उभी करून दाखव, मग वावर तुझ्याकडेच राहील. नाही जमलं तर तांड्यावरचा हिरासिंग कधीचा मागतोच आहे. देवरावच्या घराण्यात आजवर कोणी वावराला माझं म्हटलं नव्हतं. बटईचं का होईना, ते म्हणायची पाळी पहिल्यांदा त्याच्यावर आली होती.

मग काय विचारता. दुसऱ्याची जवारी जो इतकी राखतो, तो स्वतःची किती राखेल? बांधावरच्या बाभळीच्या फांद्या त्यानं छाटून टाकल्या, का तर पाखरांना बसायला जागा नको. दोन साळुंक्या गोफणीच्या गोट्यानं पडल्या, त्या त्यानं बांबूला उलट्या टांगल्या. त्याची बायको कांताबाई रोज संध्याकाळी वंदना म्हणायची. जीव मारणार नाही, हे पहिलंच शील ती त्या दिवसापासून जरा मोठ्यानं म्हणू लागली. देवराव ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. पाखरू म्हणजे चोर, आणि चोराला दया कसली, असं त्याचं शास्त्र होतं.

जवारी छान आली. कापताना सगळे शेतकरी तुरीच्या कडेनं दहा-वीस ताटं कणसांसकट उभी सोडतात. त्याला पाखरांचा वाटा म्हणतात. देवरावनं शेवटचं कणीससुद्धा कापून घरी आणलं. जवारी निघाली की राखण संपते, गोफणी खुंटीला जातात. देवरावची गेली नाही. तुरीला पिवळा फुलोरा आला होता आणि तो मचाणावरून उतरायला तयार नव्हता. अति तिथे माती म्हणतात ती अशी, पण ती आपल्याच हातानं कालवताना कोणाला दिसत नाही.

शेंगा भरायला लागल्या आणि अळी आली. हिरवी, बोटाच्या पेरापेक्षा लांब; डोकं शेंगेत खुपसून अर्धं अंग बाहेर ठेवून निवांत दाणा खायची. पहिल्या दिवशी देवरावला चार-दोन दिसल्या. आठव्या दिवशी असं झाड उरलं नाही की ज्याच्यावर नाही. तो ग्रामसेवकाकडे गेला. अळीवर मारायची पावडर संपली आहे, पंधरा दिवसांनी येईल, असं ग्रामसेवकानं सांगितलं. पंधरा दिवसांत तुरीच्या नुसत्या काड्या राहिल्या असत्या.

मग नवरा-बायको झाडाखाली जुनं लुगडं पसरायचे, झाड हलवायचे, पडलेल्या अळ्या टोपल्यात भरायचे आणि लांब नेऊन पुरायचे. दिवसभरात तीन ओळी व्हायच्या. ओळी शंभराच्या वर होत्या. कांताबाईची कंबर धरली, देवरावच्या तोंडाला चव राहिली नाही. हाती आलेलं वावर डोळ्यांदेखत जात होतं, आणि ज्याला गोफण मारावी असा चोर दिसत नव्हता. एकदा भर दुपारी तो ओळीतच मटकन बसला आणि लहान लेकरासारखा रडला. कांताबाईनं त्याला रडू दिलं.

तोड सापडली ती शेजारी. नाल्यापलीकडे भागीरथाबाईची तूर होती आणि कांताबाई तिच्याकडे कापूस वेचायला जायची. तिनं पाहिलं, तर त्या तुरीतही अळी होती, पण थोडकी. सोडलेल्या जवारीच्या ताटांवर काळे कोतवाल पक्षी बसलेले, ओळींतून साळुंक्या चालताहेत, आणि एकेकीच्या चोचीत हिरवी अळी वळवळते आहे. तिनं विचारल्यावर भागीरथाबाई म्हणाली, "अळी का तुह्याच वावरात येते? माह्याबी येते. पन माह्या वावरात खानारे हायेत, तुह्या नवऱ्यानं ते हाकलून देल्ले."

कांताबाईनं हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. देवरावनं चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, तीही टांगून. दुसऱ्या दिवशी त्यानं साळुंक्यांची वाळलेली पिसं बांबूवरून उतरवून बांधाखाली पुरली. तुरीत जागोजागी काटक्या रोवल्या, पाखरांना बसायला. बाभळीच्या फांद्या काही परत लावता येत नव्हत्या. घरातली जवारी आणून ओळीओळीतून फेकली. जे कणीस पाखराच्या तोंडातून काढलं होतं, त्याचेच दाणे आता तो मुठीमुठीनं उधळत होता.

पाखरं आली. बांधापर्यंत आली, देवरावला पाहिलं आणि उडून गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तो ओळीत वाकून बसला तरी उडाली. शेवटी त्यानं कांताबाईचं लुगडं डोक्यावरून घेतलं. कांताबाई एकटी वावरात हिंडली की साळुंक्या लांबच्या काटक्यांवर बसून राहायच्या. लुगड्यातला देवराव दिसला की सगळा थवा नाल्यापार. तीस वर्षांत नावाचा धाक बसवला होता, तो लुगड्यानं काय झाकणार? कांताबाईला हसू आलं, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले.

"तुमी वावरात येऊ नका," ती म्हणाली. "ते तुमालेच भेतात."

"वावर सोडून मी कुठी जाऊ?"

"कुठीबी जा. पन दिसू नका."

देवरावनं गोफण मचाणाच्या खुंटीला अडकवून ठेवली, कारण ती हातात असली की हात आपोआप फिरायचा. नाल्यापलीकडे पळसाचं दाट झुडूप होतं, त्याच्याआड तो जाऊन बसला. कांताबाई वेचणीला गेली. आपलं वावर लांबून, चोरासारखं बघायचं आणि हलायचं नाही, इतकंच काम. पण असं कठीण काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. पहिल्या दिवशी पाखरू फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन कोतवाल आले, तो हरखून नुसता उभा राहिला तर ते गेले आणि दिवसभर परतले नाहीत. तिसऱ्या दिवशी तो पोटावर पडून राहिला. तेव्हा साळुंक्या उतरल्या. आधी दाणे टिपले, मग ओळींत शिरल्या. चौथ्या दिवशी सकाळी तर बगळेही आले, आणि काटकी अशी रिकामी राहिली नाही. आणखी आठ दिवस असेच गेले तर निम्मी तूर वाचत होती. निम्मी दिसली तरी सदाशिवराव मानतील, असं त्याला वाटत होतं.

नेमके त्याच सकाळी सदाशिवराव आले. गावाकडच्या बांधावर ते उभे राहिले, मागे हिरासिंग. त्यांना काय दिसलं ते देवरावला पळसाआडून कळत होतं. मचाण रिकामं. राखणदाराचा पत्ता नाही. शेंगांना भोकं, जमिनीवर उधळलेली जवारी, आणि सगळं वावर पाखरांनी भरलेलं.

"देवराव हो!" सदाशिवरावांनी हाक मारली.

पाखरं उठली, हवेत एक वळसा घेतला आणि पुन्हा बसली. त्यांना सदाशिवरावांचं भय नव्हतं. देवरावचे दोन्ही हात जमिनीवर टेकले, उठायला. बापानं अशा हाकेला जेवणावरून उठून ओ दिली होती, आज्यानं दिली होती. उघड्या वावरातून पन्नास पावलं चालायची आणि सांगायचं, मालक, मी इथंच आहे. पण पन्नास पावलांत एक पाखरू राहिलं नसतं, आणि उद्या आलं नसतं, परवाही नसतं. दुसरी हाक आली. त्यानं कपाळ मातीला टेकवलं. तिसरी आली तेव्हा त्यानं तोंडात उपरण्याचा बोळा धरला होता.

सदाशिवराव हिरासिंगला हात दाखवून काही बोलले. हिरासिंगनं मान डोलावली. दोघं गेले. साळुंक्या आपल्या अळ्या टिपत होत्या.

दिवेलागणीला, पाखरं झाडांवर गेल्यावर, देवराव सदाशिवरावांच्या ओसरीपुढे उभा राहिला. चार माणसं बसली होती.

"तीन हाका मारल्या मी," सदाशिवराव म्हणाले. "कुठी होता तू?"

"नाल्याच्या पल्याड, पळसाखाली."

"आयकू नाई आलं?"

"आलं, मालक. उठलो असतो त पाखरं उडले असते."

बसलेल्यांपैकी एकाला हसू आवरलं नाही. देवरावनं अळीचं, भागीरथाबाईच्या तुरीचं, सगळं सांगितलं. सदाशिवरावांनी ऐकून घेतलं, ते काही दुष्ट माणूस नव्हते. पण पाखरू म्हणजे चोर, हे याच ओसरीवर तीस वर्षं कोण सांगत आलं, असं त्यांनी विचारलं. वावर सोडून बसलेल्या माणसाचं वावर त्यांनी हिरासिंगला दिलं होतं, आणि शब्द चार माणसांसमोर गेला होता.

वावर गेलं, हे देवरावला उभ्या उभ्या कळलं. तरी तो हलला नाही.

"वावर द्या त्याले," तो म्हणाला. "माहं काई म्हननं नाई. पन मालक, आठ दिस त्याले त्यात पाय ठेवू देऊ नका. तूर वाचते. कोनाचीबी असो, वाचते."

सदाशिवराव म्हणाले, पाहू, आणि दुसऱ्या गोष्टीकडे वळले.

घरी आल्यावर त्यानं कांताबाईला एवढंच सांगितलं की पाहू म्हणाले. सकाळी ती चुलीपुढे भाकरी थापत होती आणि तो दारात बसला होता. हिरासिंगला नवं वावर मिळालं होतं. मालकाला आपली मेहनत दाखवायची घाई त्यालाही असणारच, देवरावला नव्हती का?

नाल्याकडून गोफणीचा आवाज कडाडला. मग दुसरा. कांताबाईचा हात परातीत थांबला. हिरासिंगकडे गोफण नव्हती. मचाणाच्या खुंटीला होती तीच त्यानं घेतली होती, आणि तो आवाज सगळ्या गावाच्या ओळखीचा होता.

शेजारच्या अंगणातून कोणी तरी म्हणालंसुद्धा, देवराव आज लवकर गेला वाटते राखणीले. कांताबाई पिठाच्या हातानं उठली आणि तिनं दार लोटून घेतलं. आवाज तरी येतच राहिला.