टिंकरची अक्कल

लिंकनशायरच्या आमच्या सपाट रानात ससे धरायचे तर ग्रेहाउंड कुत्रा भेसळीचाच हवा. निव्वळ ग्रेहाउंड नुसता धावतो, अक्कल गहाण. माझ्या टिंकरमध्ये मेंढ्या राखणाऱ्या कॉलीची भेसळ आहे. तो ससा जिवंत आणून हातात देतो आणि पायाशी बसतो. माझा दोस्त क्लेम, त्याच्या कुत्रीत सलुकी या अरबी शिकारी जातीचं रक्त. ती दिवसभर पळेल, पण हाक मारली की बहिरी.

"ती बया तुला धनी तरी मानते का रे?" असं मी क्लेमला रोज डिवचायचो.

रविवारी आम्ही दुसऱ्याच्या रानात चोरून शिरलो. दोन्ही कुत्री सोडली, तोच राखणदार थ्रोअर समोर उभा.

"कुत्री कुणाची?"

"कोण जाणे," मी म्हणालो. "आम्ही आपले पाय मोकळे करायला आलोय."

क्लेमची कुत्री आली आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघता निघून गेली. मागोमाग टिंकर आला. त्यानं ससा माझ्या हातात ठेवला आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघत बसला.

थ्रोअरनं वही काढली. "नाव सांग."

क्लेमनं टोपी सारखी केली. "चालू द्या तुमचं, साहेब. मी या माणसाला ओळखत नाही."