घरचं नाक

आमच्या घरात नाक होतं ते मला एकटीला. बाकीच्यांची फक्त चष्मा टेकवायला. कारण आमचा कारखाना. मेलेली जनावरं आणायची, भल्यामोठ्या कुकरात शिजवायची, चरबी साबणवाल्याला द्यायची आणि हाडांची भुकटी खतवाल्याला. सासरे, नवरा आणि धाकटा दीर या वासातच जन्मले. सासूबाई माझ्यासारख्याच बाहेरून आलेल्या, पण आपलं नाक कधी गेलं ते त्यांनाही आठवत नाही.

नवी होते तेव्हा मी भरल्या ताटावरून उठून पळायचे. सासऱ्यांनी त्यातूनही माझ्यासाठी एक काम काढलं. "सूनबाई, जरा नाक दे," असं ते चहा मागावा तसं म्हणायचे. मग मी फाटकापर्यंत जाऊन सांगायचे, "कालचा घोडा तसाच पडलाय." घोडा खरंच पडलेला असायचा. घरात माझा भाव वधारला.

मग आरोग्य खात्याने बजावलं, वास फाटकाबाहेर आला की कारखान्याला टाळं. नवऱ्याने गाळणी बांधली. कुकरची वाफ पंख्याने ओढून लाकडाच्या ओल्या ढलप्यांच्या थरातून सोडायची, म्हणजे वास तिथेच मरतो. तपासणीच्या सकाळी सगळ्यांनी मला फाटकाबाहेर उभं केलं. मी छाती भरून श्वास घेतला. ओली माती आणि नवऱ्याच्या केसांचं तेल, बस.

"काही नाही," मी म्हणाले. सासऱ्यांचे डोळे भरून आले.

तपासणीच्या बाई आल्या, त्या गाडीतून उतरतानाच नाकाला ओढणी लावून. कुकरचं तापमान बघितलं, सांडपाणी बघितलं, सगळं ठीक. मग फाटकाशी येऊन म्हणाल्या, "आणि हे काय?"

"काय?" आम्ही सगळे एकदम म्हणालो.

"अहो, माझा ड्रायव्हर तिकडे झाडाखाली ओकतोय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नवरा धावत गेला. पंख्याचा पट्टा निसटलेला होता आणि वाफ सरळ छतातून बाहेर चालली होती. वेळीच कळलं असतं तर पट्टा चढवायला कितीसा वेळ लागणार होता. बाईंनी टाळं ठोकलं. "दुरुस्ती करा, मग बोलवा. आणि वास बघायला आधी बाहेरचं माणूस आणा."

सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आता खरी आमच्या घरची झालीस."

मला रडू आलं. माहेराहून आणलेलं तेवढं एकच उरलं होतं. गेल्या थंडीत आईकडे गेले तर तिने घराच्या सगळ्या खिडक्या उघडून ठेवल्या होत्या. उकडतंय, म्हणाली होती, शाल पांघरून. मी तिलाच वेड्यात काढलं होतं.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "धाकट्याचं आता लांबवायला नको. नाकीडोळी नीटस मुलगी बघा."

"डोळ्यांचं चालवून घेऊ," सासरे म्हणाले.

सगळे हसले, मीसुद्धा. पण ती आली की तिला मी दर आठवड्याला माहेरी धाडणार आहे, मग घरात कोणी कितीही नाक मुरडो.