बंद ठेवलेला भोंगा

बैलाला पूर समजणारं यंत्र अख्ख्या चंद्रपुरात एकच होतं, आणि ते दिव्यानीच्या ताब्यात होतं.

कोसंबी नाल्यावरच्या पुलाखाली सेन्सर बसवला होता. वरून खाली पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं, त्यावरून पाण्याची उंची काढायची आणि दर मिनिटाला तो आकडा पाठवायचा, एवढंच त्याचं काम. तो आकडा आणि टेकड्यांवरचा पाऊस धरून दिव्यानीच्या नियंत्रण खोलीतला संगणक पुढच्या अर्ध्या तासाचा अंदाज बांधायचा. धोका दिसला की नाल्याकाठच्या वस्तीत भोंगा आपोआप वाजायचा. सगळं झकास. पोळ्याच्या सकाळी लोक बैल धुवायला नेमके त्याच पुलाखाली उतरतात, हे मात्र यंत्र बसवणाऱ्या शहाण्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या पोळ्याला यंत्राने बैलांच्या पाठीला पाणी समजून भोंगा ठोकला. बाया पोरं काखोटीला मारून पळत सुटल्या. दिव्यानीचा बाप नथ्थू, त्याचा बैल बिथरून खांबावर आदळला आणि एक शिंग मोडलं. संध्याकाळी तोरणाखाली मोडक्या शिंगाचा बैल उभा करताना नथ्थूची मान वर झाली नाही. पुढे वर्षभर लोकांनी त्याला सोडलं नाही. "नथ्थूभाऊ, पोरीले इचारा, आज पूर हाय का बैल?"

यंदा आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळता चोळता तो म्हणाला, "माय, उद्या सकाळी तुहा भोंगा बंद ठेवजो."

"असं बंद नाई ठेवता येत, बाबा."

"दोन घंटे फक्त. यंदा माहं हसू नको होऊ देऊ."

तिचा जीव कळवळला. भोंगा बंद ठेवला तरी आपले डोळे थोडेच बंद आहेत, असं तिने स्वतःला समजावलं. सकाळी आठ ते दहा तिने भोंगा बंद ठेवला.

आठ चाळीसला आकडा उसळला, पडदा लाल झाला. "आले बैल," म्हणत ती हसली. टेकड्यांवर पाऊस जोरात दिसत होता, पण शहरात लख्ख ऊन होतं. पुलाखाली पाणी गढूळ झालेलं नथ्थूने आणि बाकीच्यांनी पाहिलं, आणि बैलांनीच ढवळलं असेल म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. दिव्यानी पडद्याकडे बघत राहिली. बैल हलले की आकडा खालीवर व्हायचा. हा नुसता चढतच होता. मग तिची नजर पुढच्या अर्ध्या तासाच्या अंदाजावर गेली. एवढा उंच बैल कुठून येणार?

तिने हाताने भोंगा लावला. आठ एक्कावन्न झाले होते. बापाला फोन केला. तो वाजत राहिला, काठावर काढून ठेवलेल्या सदऱ्याच्या खिशात. भोंगा आणि पाण्याचा लोंढा दोन्ही एकदमच आले. नथ्थूने आधी बैलांचे कासरे सोडले. बैल पोहत काठाला लागले. नथ्थू दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला, दोन कोस खाली, बाभळीत अडकलेला.

तिसऱ्या दिवशी अंगणात माणसं बसली होती. शेजारचा वारलू तावातावाने बोलत होता. "मशीनच फालतू हाय. पूर नसला तं बोंबलते, असला तं चूप."

"मशीन नाई चुकली, वारलूभाऊ," दिव्यानी म्हणाली. "भोंगा म्याच बंद ठेवला होता. बाबानं म्हटलं म्हणून."

तिची आई, मनकर्णा, तिच्याकडे बघत राहिली. आईने झिंज्या धरून मारलं असतं तर दिव्यानीला बरं वाटलं असतं.

"बंद नसता तं," मनकर्णाने विचारलं, "त्याइले किती टाइम भेटला असता?"

खोटं सांगावं असं फार वाटलं तिला. तोंडातून खरंच निघालं. "अकरा मिनिटं."

मनकर्णाने पदराने तोंड पुसलं.

"वर चढाले त्याइले दोनच लागत होते," ती म्हणाली.