झाकणावरचा ओला फडका

पुतण्याच्या नव्या मोटरसायकलवर मागे बसतानाच दीनानाथांच्या मनात पाल चुकचुकली होती. चाळीस वर्षं सदाशिव पेठेत गॅरेज चालवलेला माणूस. इंजिन नुसतं कण्हलं तरी त्यांना कळे. कोथरूडमागच्या टेकडीवरची गोट्यांची वाट, वैशाखातली दुपार, पहिला गिअर, अर्धवट दाबलेला क्लच. आमोद तासभर मुंगीच्या पावलांनी गाडी रेटत होता.

"पायी आलो असतो तर एव्हाना वर चहा झाला असता," दीनानाथ म्हणाले. "वेग नाही म्हणजे रेडिएटरला वारा नाही. एकटा पंखा किती पुरणार?"

"काका, ही तुमच्या जमान्यातली फटफटी नाही."

पुढच्याच वळणावर लाल दिवा लागला. रेडिएटर किटलीसारखा शीळ घालू लागला. आमोदने इंजिन बंद केलं. दोघांच्या बाटल्या केव्हाच रिकाम्या झाल्या होत्या. दीनानाथांना भोवळ येत होती. ते खालच्या बाभळीपाशी जाऊन टेकले.

थोड्या वेळाने शीळ थांबली. पाखरंही थांबली. पानसुद्धा हलेना. आणि अगदी पाठीशी कोणीतरी तंबाखूने बसलेला घसा खाकरला.

दीनानाथांनी चमकून मागे पाहिलं; कोणी नव्हतं. तसं खाकरणारा एकच माणूस, गॅरेजमधला त्यांचा जोडीदार बद्रीनाथ. त्याला जाऊन बावीस वर्षं झाली होती.

गॅरेजचा नियम होता: तापलेल्या गाडीच्या रेडिएटरच्या झाकणाला आधी ओला फडका बांधायचा, तो सुकेपर्यंत कोणी झाकण उघडायचं नाही. एका जीपला दीनानाथ फडका बांधायचे विसरले. फडका नाही म्हणजे गाडी निवली, असं समजून बद्रीने झाकण फिरवलं. उकळतं पाणी तोंडावर उसळलं. डोळे गेले, महिन्याभरात बद्रीही गेला.

आणि आजही ते विसरले होते.

"आमोद! झाकण!" ते धडपडत वर धावले.

आमोद गाडीशी उकिडवा बसला होता. "पाणी किती उरलंय बघत होतो. पण काका, किती घट्ट बांधलंत हे! गाठच सुटेना."

झाकणावर लाल फडका होता. निथळत होता. थेंब इंजिनवर पडून चुर्र वाजत होते.

दीनानाथांनी खिसा चाचपला. त्यांचा रुमाल आत होता, कोरडा. फडक्याची गाठ उलट्या हाताची होती. बद्री डावखुरा होता.

"पाणी कुठून आणलंत?" आमोदने विचारलं.

दीनानाथांनी त्याचा हात धरला आणि फडका सुकेपर्यंत सोडला नाही. ऊन कलल्यावर त्यांनी गाठीला बोट लावलं. ती आपसूक सुटली.

"ह्या खेपेलाही मी विसरलोच रे," ते पुटपुटले.

"मला म्हणालात?"

"नाही," दीनानाथ म्हणाले आणि फडका घडी करून खिशात ठेवला.