ऑप्शनला टाकलेला धडा

आमच्या कॉलेजात कन्सॉलिडेशन हा धडा शिकवला जायचा, पण तो शिकायचं मात्र कुणी नाही. शेवटच्या वर्षाच्या पेपरात आठ प्रश्न असत आणि वर ठळक अक्षरांत छापलेलं असे, ‘कोणतेही पाच सोडवा’. एक मोठी कंपनी, तिच्या मालकीची एक छोटी कंपनी आणि दोघींचा मिळून एक ताळेबंद, असा तो प्रश्न. मुलं पहिल्याच आठवड्यात एकमेकांना विचारत, "काय टाकलंस ऑप्शनला?" आणि सगळ्यांचं उत्तर एकच असे. मी फळ्यापाशी घसा फोडून शिकवत असे आणि मागचे बाक खुशाल पेंगत असत. मी विभागप्रमुख आहे आणि मुलांनी मला ‘मिरची’ असं नाव ठेवलंय. त्यात त्यांचं काही चुकलेलं नाही.

पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या वहिनीची आहे. दादाशी लग्न झालं तेव्हा तिचं शिक्षण अर्ध्यावर सुटलं. मग पाठोपाठ दोन मुलं झाली. धाकटा शाळेत जायला लागला त्याच वर्षी ती आमच्या कॉलेजात येऊन प्रवेशाचे पैसे भरून मोकळी झाली आणि घरी आल्यावर तिने सांगितलं. दादा म्हणाला, "आता या वयात?" ती म्हणाली, "वय काय घरी बसल्यावर थांबणार आहे?" आम्ही सगळे एकाच घरात राहतो, ते खाली आणि मी वरच्या खोलीत. त्यामुळे मी तिला घरी नणंद आणि वर्गात मॅडम. वर्गातली मुलं तिला काकू म्हणत.

तिला नुसती पदवी नको होती. तिला पुढची व्यावसायिक परीक्षा देऊन ऑडिटर व्हायचं होतं. ती परीक्षा म्हणजे मारुतीचं शेपूट, पेपरामागून पेपर येतच राहतात. मात्र ती परीक्षा घेणारी संस्था एखाद्या कॉलेजची पदवी तपासून मान्य करते, तेव्हा तिथल्या पदवीधरांना सुरुवातीचे पेपर माफ होतात. जे एकदा शिकलात आणि ज्यात पास झालात, त्याची परीक्षा पुन्हा कशाला, इतकं ते सरळ आहे. आमच्या पदवीला अशी सूट नव्हती. बाजाराच्या रस्त्यावर ज्या ऑडिटरबाईंचं ऑफिस आहे, त्यांनी वहिनीला स्पष्टच सांगितलं होतं, "सूट असेल तर उमेदवारीला या, जागा ठेवते. पहिल्या पेपरापासून सुरुवात करायची असेल, तर तुमचा मुलगा कॉलेजात जाईल तरी तुम्ही पेपरच देत बसाल." दादानेही वरिष्ठांच्या हातापाया पडून दोन वर्षांसाठी संध्याकाळची पाळी सोडवून घेतली होती, मुलांकडे बघायला. त्याहून जास्त सवलत त्याला मिळणार नव्हती. म्हणजे सूट मिळाली तरच वहिनीचं पुढचं जमणार होतं.

मी अर्ज केला आणि संस्थेचे तपासनीस आले. सडपातळ गृहस्थ, चष्मा कपाळावर सरकवलेला. प्राचार्यांनी त्यांना वाचनालय दाखवलं, नवे संगणक दाखवले, चहा पाजला. त्यांनी सगळ्याला मान डोलावली आणि जुन्या प्रश्नपत्रिका मागितल्या. पहिलीच उघडून त्यांनी चष्मा खाली ओढला.

"कोणतेही पाच?" ते म्हणाले. "मग मला सांगा मॅडम, कन्सॉलिडेशनचं एक अक्षर न लिहिता इथे कुणी पास होऊ शकतं का?"

प्राचार्य माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. मी म्हटलं, "कुणीही. सगळे तसेच होतात."

"मग मी सूट कशाची देऊ? जी परीक्षा दिलीच नाही तिची?"

खरं सांगते, मला त्या माणसाला ओवाळावंसं वाटलं. इतकी वर्षं हेच मी प्रत्येक मीटिंगमध्ये ओरडून सांगत होते आणि प्राचार्य ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणून चहा मागवत होते. मग वहिनी आठवली आणि मी त्यांना विचारलं, यावर काही उपाय आहे का.

तपासनीसांनी वाट दाखवली. पेपरातले पर्याय काढा, कन्सॉलिडेशन सक्तीचं करा, मग परीक्षेनंतर उत्तरपत्रिका बघून ठरवू. पण आमचा नियम असा, की वर्षाच्या सुरुवातीला जाहीर केलेली पेपराची पद्धत मध्येच बदलायची तर वर्गातल्या प्रत्येकाची सही लागते. एकाने जरी नकार दिला असता, तरी सगळं पुढच्या तुकडीवर गेलं असतं आणि वहिनीची तुकडी सूट न मिळताच बाहेर पडली असती.

वर्गात सांगितलं तेव्हा नुसता गलका झाला. पहिल्या बाकावरची मुलगी, जिला सगळे रँकर म्हणत, ती म्हणाली, "मला काहीच हरकत नाही." तिला कधीच कशाची हरकत नसे. मागून खंबा उभा राहिला. हा सगळ्यात उंच आणि सगळ्यात निवांत. "मॅडम, पुढे परीक्षा ज्यांना द्यायचीय त्यांचा फायदा. आम्हाला फक्त पास व्हायचंय. आमच्या पोटावर का पाय?" निम्म्या वर्गाने बाक वाजवले. मी तोंड उघडणार, इतक्यात वहिनी उठली.

"मीही तो धडा ऑप्शनलाच टाकलाय," ती म्हणाली. "मॅडम आणि मी एका घरात राहतो, तरी मी त्यांना त्यातला एक प्रश्न विचारलेला नाही, इतकी मला त्याची भीती वाटते. तो सक्तीचा झाला तर नापास होणाऱ्यांत पहिलं नाव माझं असेल. पण उद्या एखाद्या ऑफिसात मला कुणी विचारलं, की याची सूट कशी मिळाली, तर काय सांगू? धडा न वाचता मिळाली? मी सही करतेय."

"आणि काकू, नापास झालात तर?" खंब्याने विचारलं.

"तर पुढच्या वर्षी तुझ्याच शेजारी बसेन. जागा धरून ठेव."

वर्ग खो खो हसला. खंब्याने कपाळाला हात लावला आणि पुढे येऊन दुसरी सही त्यानेच केली. त्यानंतर बाकीच्यांना मागे राहायची लाज वाटली असावी. तास संपायच्या आत सगळ्यांच्या सह्या झाल्या.

वहिनी माझ्या नात्यातली असल्याने मी तो पेपर काढणारही नाही आणि तपासणारही नाही, हे आधीच लेखी कळवलं होतं. ते काम टॅली सरांकडे गेलं. हे आमचे जुने सहकारी, कँटीनच्या चहाचं बिलसुद्धा दोनदा जुळवून बघणारे. मला शिकवायला मात्र कुणाची ना नव्हती. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघी बसायला लागलो. मुलं शेजारी चित्रं रंगवत आणि दादा भांडी घासत असे.

वहिनी एकाच ठिकाणी अडायची. मोठ्या कंपनीने छोटीला माल विकला, त्यावर नफा कमावला, पण तो माल अजून छोटीच्या गोदामातच पडून आहे. अशा वेळी तो नफा वजा करायचा, आणि हेच तिला पटत नव्हतं.

"बिल फाडलंय. पैसे आलेत. मग नफा का नाही?"

"कारण दोन्ही कंपन्या एकाच घरच्या आहेत!"

"म्हणून काय पैसे खोटे होतात?"

मी चिडले. मी लवकरच चिडते. "वहिनी, दादाने उद्या त्याची सायकल तुला दुप्पट भावाने विकली, तर आपलं घर श्रीमंत होईल का?"

"मी होईन," दादा मोरीपाशी उभा राहून म्हणाला.

"तू गप्प बस."

वहिनी पेन्सिल चावत बसली. मग म्हणाली, "घरात सायकल तर एकच राहणार. आणि तिची किंमतही तेवढीच. म्हणजे ती घराबाहेरच्या कुणाला विकेपर्यंत नफा धरायचाच नाही?"

"धरायचाच नाही!"

"मग हे आधी सांगायचं ना! पुस्तकात किती घोळ घातलाय." जणू तो घोळ मीच घातला होता. पण त्या दिवसापासून तिची भीड चेपली. चुका होतच राहिल्या, ताळेबंद जुळायला तिला इतरांपेक्षा दुप्पट वेळ लागे, पण आता ती चुकली की तिला बोचत असे आणि ती तिथेच उकरत बसे.

परीक्षेच्या दिवशी ती सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली. चेहरा उतरलेला. मी जिन्यात उभी होते.

"जुळलं नाही," ती म्हणाली.

"मग काय केलंस?"

"तसंच लिहिलं. जुळलेलं नाही म्हणून."

ताळेबंद जुळला नाही की मुलं उरलेला फरक ‘इतर देणी’ म्हणून कुठेतरी कोंबतात आणि दोन्ही बाजूंच्या बेरजा सारख्या करतात. घाईत असलेल्या परीक्षकाला ते दिसतही नाही. "स्वतःच्या हाताने स्वतःची चहाडी लिहायला तुला कुणी सांगितलं होतं?" मी भर जिन्यात ओरडले.

"मग काय खोटं जुळवू?" ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून निघून गेली. मला माझ्याच बोलण्याचा राग आला, पण माफी मागायला तोंड उघडेना.

निकाल लागला. पाचसहा जण नापास झाले, खंबा आरामात पास झाला आणि वहिनी अगदी काठावर. पास होणाऱ्यांत सगळ्यात कमी गुण तिचेच होते. दादाने मुलांना घेऊन टाळ्या वाजवल्या, तिने हसून घेतलं. नंतर एकटीच कपडे वाळत घालत होती तेव्हा मला म्हणाली, "पास झाले, पण शेपटाला. सूट आली तर ती बाकीच्यांच्या जिवावर येणार." मी तिची समजूत काढली, पण तिला ती पटली नाही.

तपासनीस पुन्हा आले. टेबलावर उत्तरपत्रिका मांडल्या होत्या, नावं झाकलेली, फक्त क्रमांक. प्राचार्यांनी सगळ्यात वरची अदबीने पुढे सरकवली. "ही आमची सर्वोत्तम."

"ही राहू द्या," तपासनीस म्हणाले. "हुशार मुलं कुठल्याही कॉलेजात हुशारच असतात. तुम्ही पास केलेल्यांत सगळ्यात कमी गुण कुणाला आहेत? ती द्या. सूट शेवटच्यालाही मिळणार ना? मग मला शेवटचाच बघायचाय."

टॅली सरांनी तळातली उत्तरपत्रिका काढली. ते तिरपं अक्षर मी रोज फ्रिजवरच्या चिठ्ठीत बघते, ‘दूध संपलंय’. अख्ख्या तुकडीची सूट आता त्या एका पेपरावर अडली होती, आणि वहिनीचं पुढचं सगळं तिच्याच अक्षरावर. मी खुर्ची मागे घेतली आणि म्हटलं, "या पेपराबद्दल मी काही बोलणार नाही." त्याचं कारण कुणी विचारलं नाही. टॅली सरांना ते ठाऊक होतंच.

तपासनीस पानं उलटत गेले.

"हा जुळत नाहीये."

"नाही," टॅली सर म्हणाले.

"तरी पास केलात?"

"साहेब, पान उलटा."

त्यांनी उलटलं आणि मोठ्याने वाचलं, "‘ताळेबंद जुळलेला नाही. फरक बहुधा शिल्लक मालातल्या नफ्यात असावा. शोधायला वेळ उरला नाही.’" मग खिशातून पेन्सिल काढून त्यांनी स्वतः हिशोब करायला घेतला. वहिनीने तो नफा नफ्यातून वजा केला होता, पण मालाच्या किमतीतून कमी करायचा राहिला होता. फरक नेमका तेवढाच येत होता.

"मारूनमुटकून जुळवलेले ताळेबंद मी कपाटं भरतील इतके पाहिलेत," तपासनीस चष्मा वर सरकवत म्हणाले. "चूक झालीय हे कळणं, कुठे झालीय त्याचा अंदाज असणं आणि ते लपवून न ठेवणं. आमच्या धंद्यात आणखी काय लागतं? बाकी सवयीने येतं." मग त्यांनी तिच्या वरच्या दोनतीन उत्तरपत्रिका बघितल्या, थोडं पुटपुटले आणि म्हणाले, "ठीक आहे. या तुकडीपासून सूट लागू करायला हरकत नाही."

त्या दिवशी मी घरी चालत आले नाही, पळत आले. वहिनी पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन घड्या घालत बसली होती. मी दारातूनच सांगितलं, "मिळाली. तुझ्या अख्ख्या तुकडीला."

तिने दोन्ही हात तोंडावर नेले. दादा आतून ओरडला, "काय झालं?" आणि ऐकल्यावर ऑडिटरबाईंना आत्ताच्या आत्ता फोन कर म्हणून तिच्या मागे लागला. ती हसली. मग पुन्हा घडी घालायला घेत हळूच म्हणाली, "तुझ्या रँकरने तारलं बघ मला. तिचा पेपर बघूनच दिली असणार त्यांनी."

बंद खोलीतलं बोलणं बाहेर सांगायचं नसतं. मी नियम पाळणारी बाई आहे, त्यावरून अनेकांशी भांडलेली. पण तिला तसंच समजू द्यायचं, हे माझ्याने होईना.

"वहिनी," मी म्हटलं, "त्यांनी रँकरचा पेपर उघडलाच नाही."

"मग कुणाचा उघडला?"

मी नुसती तिच्याकडे बघत राहिले. तिच्या हातात धाकट्याचा मोजा होता, तो तसाच राहिला. तिचे डोळे भरून आले, माझेही आले, आणि मला वाटलं आता ही माझ्या गळ्यात पडून रडणार. तिने मोज्यानेच डोळे पुसले.

"मग फरक कुठे होता?" तिने विचारलं.

"तू लिहिलं होतंस तिथेच."